आईला हलवल्याबद्दल

१४ मार्च

बंडू,

तुझ्या तक्रारीत 'अज्ञात इसमांनी' असं लिहिलंयस ना, ते अज्ञात इसम म्हणजे मी.

फौजदारांनी तुझी तक्रार मला वाचून दाखवली. 'माझ्या आईच्या पार्थिवाची विटंबना करणाऱ्या नराधमांना कठोरातली कठोर शिक्षा व्हावी.' नराधम ऐकून मला हसू आलं. फौजदार म्हणाले, "बाई, यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "भाऊ आहे माझा. लहानपणी नकटी म्हणायचा. त्या मानाने बढतीच आहे." ते हसले नाहीत.

वकीलबाईंनी बजावलंय की तुला एक अक्षरही लिहायचं नाही. तू फिर्यादी, मी आरोपी. लिहीन ते तू कोर्टात देशील. द्यायचं तर दे. जे मी पोलिसांना सांगितलं तेच तुला सांगतेय.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दफनभूमीचं ऑफिस बंद असतं आणि ऊन असल्यामुळे कुणी फिरकत नाही. त्या दिवशी मी आईला बाबांच्या शेजारून काढलं आणि मागच्या फाटकाजवळ, रस्त्याच्या कडेला मी माझ्यासाठी घेऊन ठेवलेल्या जागेत नेऊन ठेवलं. पेटी शाबूत होती. खालच्या अंगाला ओल आली होती, तेवढी मी पुसली. उघडून पाहिली नाही. माती परत होती तशी ओढली, पण रखवालदाराची नजर पक्की. त्याला माती ताजी दिसली. दफनभूमीतल्या घरच्या चौथऱ्याचा मालक म्हणून तुझं नाव नोंदलेलं, म्हणून त्याने तुला फोन केला, आणि तू तक्रार पाठवलीस. त्यात तुझी काही चूक नाही. माझ्या आईचं थडगं कुणी उकरलं असं मला कळलं असतं तर मीही हेच केलं असतं.

सोबत कोण होतं, असं ते सारखं विचारतात. मी एकटीच होते. "एवढी पेटी एका बाईच्याने हलेल?" मी म्हटलं, "वेळ आली की हलते."

मला जामीन मिळालाय. गाव सोडायचं नाही, दर सोमवारी चौकीत हजेरी लावायची, आणि दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही. त्यांना वाटतं मी तिला पुन्हा कुठेतरी नेईन.

तुला आधी विचारलं नव्हतं असं म्हणू नकोस. परवानगीच्या अर्जावर तुझी सही लागत होती. मी अर्ज पाठवला, पुन्हा पाठवला, मग फोन केला. तू म्हणालास, "ताई, आईला बाबांपासून तोडू नकोस."

तोडणं आणि सोडवणं यात फरक असतो, बंडू. तो फोनवर सांगता येत नाही. बघू, पत्रात जमतं का.

ताई


३ एप्रिल

बंडू,

तुझा फोन आला आणि लगेच बंद झाला. "ताई, तू?" एवढंच बोललास. दुसऱ्यांदा केलास तेव्हा म्हणालास, तू तक्रार मागे घेतोस, मी आईला होती तिथे ठेवायचं आणि बाबांच्या थडग्यापाशी उभं राहून माफी मागायची.

मी वकीलबाईंना विचारलं. त्या तरुण आहेत, भरभर बोलतात, आणि बोलताना पेनाचं टोपण चावतात. म्हणाल्या, "हा गुन्हा भावाविरुद्ध नाही, समाजाविरुद्ध आहे. भाऊ रडून सांगू दे नाहीतर पाया पडून, खटला सरकार चालवणार." म्हणजे बघ, आता हे प्रकरण तुझ्याही हातात नाही आणि माझ्याही. दोघं आत अडकलो आहोत.

आणि तिसरी आई.

तू म्हणतोस होती तिथे ठेव. ती आहे कुठे, ठाऊक आहे का तुला? पोलिसांनी दोन्ही जागा उकरल्या आणि पेटी हॉस्पिटलात नेली. ओळख पटवायची, तपासायचं, निकाल लागेपर्यंत ठेवायचं. कागदोपत्री ती आता 'मुद्देमाल' आहे. मी गेले होते. शवागाराच्या दाराशी स्टुलावर एक माणूस बसलेला असतो.

"कोण तुम्ही?"

"मुलगी."

"केस काय आहे?"

"मीच आरोपी आहे."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग नाही, बाई." वाईट बोलला नाही. बसायला स्टूल दिलं. मी विचारलं, आत कसं ठेवलंय? म्हणाला, कप्पे असतात, थंड. कप्प्याला कुलूप, कुलपाला लाखेचं सील. "अगदी सुरक्षित आहेत," तो म्हणाला. "कुणी हात लावू शकणार नाही."

मी उठले आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिले. कुलूप म्हटल्यावर मी तशी का उठले ते तुला कळणार नाही. आजवर तुला सांगितलं नव्हतं म्हणून कळणार नाही. आता सांगते.

बाबा शाळेला निघताना घराला बाहेरून कडी लागायची. आई आत. आपण दोघं बाबांबरोबर शाळेत, आणि संध्याकाळी परत येऊन ते दार उघडेपर्यंत ती आत. तू विचारशील, का? तिने काय केलं होतं? काही नाही. एकदा वाण्याच्या दुकानात कुणाशी तरी हसून बोलली होती म्हणे. ते आपल्या जन्माआधीचं. तेव्हापासून. बाबांनी तिच्यावर हात उगारलेला मी पाहिला नाही. आवाजही चढवायचे नाहीत. गावात कुणाची पोरं शाळेविना राहिली तर घरी जाऊन समजावणारे हेडमास्तर, ते हेच. दोन्ही खरं आहे. तुला खांद्यावर बसवून सगळ्या बाजारातून मिरवायचे, तेही खरं आहे. ते मी तुझ्याकडून काढून घेत नाही.

मी सातवीत असताना एकदा कंपासपेटी विसरले म्हणून मधल्या सुट्टीत घरी पळत आले. कडी काढली. आई उंबऱ्याच्या आत बसली होती, दाराला टेकून. दार उघडलं तशी सावरली. मी म्हटलं, "आई, चल ना, बाहेर ये थोडी." समोर अंगण, ऊन, रस्ता. ती बघत राहिली. दार सताड उघडं होतं, बंडू, आणि ती उठली नाही. म्हणाली, "घेतलीस का पेटी? जा, आणि होती तशी लावून जा."

बाबा गेल्यावरची वर्षं तिची बरी गेली. दुकानात माझ्याजवळ बसायची, पडद्यांना कड्या ओवून द्यायची, रस्त्यावरची माणसं बघायची. कोण कुणाशी भांडलं, कुणाची सायकल नवी, सगळं तिला माहीत. शेवटच्या आजारात तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला त्यांच्या शेजारी नको ठेवूस. जिथून माणसं दिसतील तिथे ठेव." अंत्यसंस्काराच्या दिवशी मी तुला बाजूला घेऊन हे सांगितलं होतं. तू म्हणालास, "गुंगीत बोलली असेल, ताई. एवढी वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांना सोडून कुठे ठेवायचं तिला?" लोक उभे होते, पेटी खांद्यावर होती. चौथरा तुझा. खाली सोडली.

आरोपपत्रात लिहिलंय, 'मृत व्यक्तीच्या प्रतिष्ठेस बाधा.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या प्रतिष्ठेची काळजी करणारा तिच्या जन्मातला हा पहिला सरकारी कागद.

तुझी ताई


२२ एप्रिल

बंडू,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. तुझ्या बायकोने कळवलं की तू साक्षीला येणार आहेस, तारखेला.

इथली खबर अशी: बाबांचे जुने विद्यार्थी परवा दुकानात आले. पोट सुटलेले, केस पिकलेले, पण रांगेत उभे राहिल्यासारखे उभे. त्यांच्यातला एक म्हणाला, "सरांच्या माघारी सरांची अशी बेअब्रू करायची?" मी म्हटलं, "सर जागच्या जागी आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही." दुसरा म्हणाला, "बाई, सरांनी मला घडवलं." मला त्याचा राग आला नाही. त्याला घडवलंच असेल. ते गेले, आणि त्यानंतर शाळेच्या सभागृहाचे पडदे दुसरीकडे शिवायला गेले. लग्न ठरलेल्या घरची एक बाई माप द्यायला आली होती, ती दारातूनच म्हणाली, "नंतर येते." मेलेल्याला हात लावलेली बाई. माझ्या हातचे पडदे घरात कसे लावायचे, तिचाही प्रश्न बरोबरच.

दुकान, चौकी, कोर्ट आणि घर. एवढ्याच रस्त्याने मी जाते येते. दफनभूमीच्या रस्त्याने गेलं की बाजार जवळ पडतो, पण त्या रस्त्यालाही मी जात नाही. कुणी पाहिलं, सांगितलं, तर जामीन जाईल. घरी आले की खिडक्या उघड्या टाकते, तरी कोंडल्यासारखं होतं. शेजारीण म्हणाली, "अहो, चोर शिरेल." मी म्हटलं, "शिरू दे, बोलायला कुणी तरी होईल."

आता मुद्द्याचं. वकीलबाईंना तुझी उलटतपासणी घ्यायची आहे. त्यांना मी कडीचं सांगितलं, कारण त्यांना ते सांगणं भाग होतं. त्यांनी टोपण तोंडातून काढलं.

"कडी कोण लावायचं?"

मी म्हटलं, "बाबा."

"रोज?"

"रोज."

"स्वतः?"

"हो, स्वतः. दुसरं कोण लावणार?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही पडदे शिवता, पण झाकणं नीट जमत नाही तुम्हाला." मी विषय बदलला.

तर तुला कुणी कडीबद्दल विचारलं, तर तू लहान होतास आणि तुला काही आठवत नाही असं सांग. ते खोटं नाही. एवढ्या लहानपणचं कुणाला आठवतं? बाकी तुला माझ्याविरुद्ध जे सांगायचं ते बेलाशक सांग. मला शिक्षा झाली तरी चालेल. पण कडीचं काही आठवत नाही, एवढंच.

हे सांगायलाच हे पत्र.

ताई


१० जून

बंडू,

तू साक्ष संपल्यावर थेट निघून गेलास. मी जिन्यापर्यंत आले होते, पण शिपायाने अडवलं, आरोपीला असं बाहेर जाता येत नाही. वरून तुझं डोकं दिसलं. मागे टक्कल पडलंय तुला. बाबांसारखं नाही, आईच्या वडिलांसारखं.

मला पिंजऱ्यातून सगळं दिसत होतं. सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा तू छान बोललास. आई शांत होती, बाबा करारी होते, घरात कधी भांडण ऐकलं नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. मग वकीलबाई उठल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली.

"घराच्या दाराला बाहेरून कडी होती?"

"होती. सगळ्यांच्याच असते."

"सकाळी शाळेला निघताना ती लावली जायची?"

तू वर पंख्याकडे पाहिलंस.

"लावली जायची का?"

"हो."

"घरात कोण असायचं?"

"आई."

"लावायचं कोण?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. मी तुला खुणावलं, आठवत नाही म्हण. तू माझ्याकडे बघतच म्हणालास, "मी."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"मी लावायचो. माझा हात पोचायचा नाही. बाबा मला उचलून धरायचे. मला वाटायचं, तो खेळ आहे."

त्यांनी तुला पाणी दिलं. जुने विद्यार्थी मागच्या बाकावर होते, त्यांच्यातला तो घडवलेला उठून बाहेर गेला.

हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. आईनेही मला तशीच शपथ घातली होती. अर्ज पाठवताना, फोनवर, अंत्यसंस्काराच्या दिवशी, प्रत्येक वेळी जिभेवर आलं आणि गिळलं. ते सांगितलं असतं तर तू कदाचित तेव्हाच सही केली असतीस. पण मग तू जन्मभर त्या दाराशी उभा राहिला असतास. म्हटलं त्यापेक्षा मी खोदते. खोदणं सोपं.

मला वाटत होतं तुला आठवत नाही. तुला कधी आठवलं, बंडू? माझं पत्र वाचून, की नेहमीच आठवत होतं?

निकाल काल लागला. मी दोषी. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मृतांना स्वतःचा बचाव करता येत नाही, म्हणून हा कायदा आहे. आरोपीचा हेतू आईची इच्छा पाळण्याचा होता, हे मला पूर्ण पटलेलं आहे. पण हेतू चांगला म्हणून ज्याने त्याने थडगी उघडायची नसतात. उद्या दुसरा कुणी वाईट हेतूने येईल आणि हेच कारण सांगेल." मला ते पटलं. खरंच पटलं. मी न्यायाधीश असते तर असंच म्हटलं असतं.

शिक्षा काय झाली, तर कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं. कोपऱ्यातल्या बाकावर बसले. पुढे दुसरे खटले चालले. एकाने शेजाऱ्याची भिंत पाडली होती, दोघं नवरा-बायको एकमेकांकडे न बघता उभे होते. कारकुनाने जेवणाचा डबा उघडला आणि मला विचारलं, "घेणार का?" संध्याकाळी न्यायाधीशबाई उठल्या, सगळे उठले, शिपाई म्हणाला, "चला, सुटलात." मी तरी बसूनच होते. पायांना कळेना, कुठे जायचं. मग आई त्या दिवशी का उठली नाही ते मला समजलं.

मी सुटले, आई सुटलेली नाही. हुकूम असा आहे की अवशेष चौथऱ्याच्या मालकाच्या ताब्यात द्यावेत आणि मूळ जागी पुरावेत. मालकाने लेखी संमती दिली तरच दुसरीकडे. महिन्याभराची मुदत आहे. मी हुकमाची प्रत सोबत पाठवतेय, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. या वेळी मी तुला काहीही म्हणणार नाही.

ताई


४ जुलै

बंडू,

तुझी संमती हॉस्पिटलात पोचली. मला काही कळवलं नाहीस, पण स्टुलावरच्या माणसाने दुकानात येऊन सांगितलं. "बाई, सही आली. घेऊन जा आईला." तो एवढ्यासाठी चालत आला होता.

मंगळवारी सकाळी तिला मागच्या फाटकाजवळ ठेवलं. ऑफिस उघडं होतं, रखवालदार हजर होता, सगळं कायद्याने. दफनभूमीत खड्डे खणणारा एक जण आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात, त्याने खड्डा खणला. हा माणूस मला आधी कधी भेटलाच नव्हता असं समज. मला हळूच म्हणाला, "या वेळी कागद आहे ना, बाई?" मी दाखवला. तो म्हणाला, "मग जरा सावकाश खणतो."

फाटकाबाहेर एक बाई दोन पोरांना ओढत नेत होती, एकाला यायचं नव्हतं, त्याने रस्त्यात बसकण मारली होती. आईला हे फार आवडलं असतं.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू जेवत नाहीस, कामावर जात नाहीस, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असतोस, म्हणाली. "ताई, तुम्ही बोला, ते माझ्याशी बोलत नाहीत." माझ्याशीही तू बोलणार नाहीस, म्हणून लिहितेय.

तू पाच वर्षांचा होतास. हे तुला शंभर जणांनी सांगितलं तरी उपयोग होणार नाही, मला माहीत आहे. म्हणून आईने जे सांगितलं ते सांगते. आजवर सांगता आलं नाही, कारण हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी तिची उशी बदलत होते. मी चिडून म्हटलं, "आई, बाबा त्या पोराच्या हातून करवून घ्यायचे, ते तुला सहन कसं व्हायचं?" तिने डोळे मिटले. वाटलं झोपली. मग म्हणाली, "अगं, त्याला वर उचललं की तो खुदकन हसायचा. दाराच्या अलीकडे मी कान लावून उभी असायचे. तेवढं हसू ऐकायला."

"आणि मग?"

"मग काय? मग कामाला लागायचे."

बंडू, तिला ठाऊक होतं हात कुणाचा आहे. ती रोज त्या दाराशी तुझ्यासाठी येऊन उभी राहायची.

ऊठ आणि जेव. शनिवारी तिच्यावर दगड बसतोय. त्यावर फक्त तिचं नाव आहे, कुणाची बायको ते लिहिलेलं नाही. माझ्यावरची बंदी उठली आहे, मी सकाळपासून तिथेच असेन. आलास तर मागच्या फाटकाने ये.

तुझी ताई